बोलतंय कोण?

रात्री दहानंतर माझ्या व्हॉट्सॅपवर काळ्या पडद्यांचे तिरके फोटो यायला लागले की समजायचं, तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सोर्स कोडपासून कंपाइल करण्याची असाइनमेंट दिलेली आहे. फोटोत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, कोपऱ्यात वडापावचा कागद, आणि सगळ्यात खाली एकच ओळ नीट वाचता येते: मेक, तीन तारे, एरर टू.

"सर, एरर टू आलाय. काय करू?"

"वरचं पाठव."

"वरचं म्हणजे सर?"

"एरर हा शब्द पहिल्यांदा जिथं आलाय, तिथंपर्यंत वर जा. ते पाठव."

मग पंधरा-वीस मिनिटं शांतता. तेवढ्यात निम्म्या मुलांना उत्तर स्वतःच सापडतं, आणि उरलेल्या निम्म्यांच्या लक्षात येतं की टर्मिनलनं जुन्या ओळी कधीच फेकून दिल्यात, आता वर जायला काही शिल्लकच नाही.

एरर टू हा खरं तर एरर नव्हेच. मेक म्हणजे काय कशातून बनवायचं ते बघून कामं लावणारा प्रोग्राम. कर्नलच्या बिल्डमध्ये एक मेक दुसऱ्या मेकला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला. सगळ्यात खालच्या पायरीवर जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर एखाद्या फाइलवर अडतो आणि १ हा आकडा देऊन बाहेर पडतो. तिथला मेक 'एरर वन' छापतो आणि स्वतः २ हा आकडा देऊन मान टाकतो. त्याच्या वरचा 'एरर टू' म्हणतो, त्याच्याही वरचा 'एरर टू'. आपल्याकडं तलाठ्याच्या दप्तरात अडलेलं प्रकरण मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत असं चढत जातं आणि कलेक्टर कचेरीतून आपल्या हातात कागद पडतो तो फक्त 'कार्यवाही होऊ शकत नाही' एवढाच, तसंच हे. त्या कागदावर कितीही डोकं खपवलं तरी उपयोग नाही. एरर वन शोधायचा, आणि त्याच्या लगेच वर काय लिहिलंय ते वाचायचं.

त्यात हल्ली प्रत्येक जण जे एट, जे सिक्स्टीन असा पर्याय देऊन मेक चालवतो, म्हणजे एका वेळी तितकी कामं सुरू. एक काम मेलं तरी बाकीची हातातलं संपवेपर्यंत ओळी छापतच राहतात, आणि खरी तक्रार पडद्याच्या पार वर वाहून जाते. माझा साधा उपाय असा: तोच मेक पुन्हा चालवायचा, पण जे न देता. झालेल्या फाइली तो वगळतो, थेट त्याच जागी येऊन अडतो आणि गप्प होतो. मग शेवटच्या काही ओळींत सगळं सापडतं. ज्याला जास्त शिस्त आहे त्यानं सुरुवातीपासूनच टी कमांडनं सगळं एका फाइलमध्ये साठवावं.

इतकी वर्षं हे फोटो बघून माझी एक सवय पक्की झालीय. कुठलाही संदेश आला की त्याचा अर्थ लावायच्या आधी विचारायचं: हे बोलतंय कोण? कर्नल बांधायच्या वाटेवर बोलणारे पुष्कळ. कमांड घेणारा शेल बोलतो, मेक बोलतो, जीसीसी बोलतो, तुकडे जोडणारा लिंकर बोलतो. पुढं मशीन सुरू होताना कर्नल उचलणारा ग्रब बोलतो, आणि सगळं पार पडलं तर शेवटी कर्नल स्वतः बोलतो. प्रत्येकाला फक्त आपल्यापुरतं माहीत असतं. मेकला सी भाषा कळत नाही, जीसीसीला तुमच्या डिस्कबद्दल काही ठाऊक नाही. बोलणारा ओळखला की निम्मी शक्यतांची यादी आपोआप खोडली जाते.

उदाहरणार्थ, सुरुवातीलाच 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आलं की मुलांना वाटतं सोर्सच खराब उतरलाय. मग हॉस्टेलच्या वायफायवर पुन्हा शंभर-दीडशे एमबीची फाइल उतरवणं सुरू. पण ती ओळ जीसीसीची असते, आणि जे हेडर, म्हणजे लायब्ररीची ओळख देणारी फाइल, सापडत नाही ते ओपनएसएसएल किंवा लिबएल्फ या लायब्रऱ्यांचं. कर्नलचा त्यात दोष नाही. डेबियन-उबुंटू या डिस्ट्रोंवर, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांवर, ही हेडरं डेव्ह नावाच्या वेगळ्या पॅकेजांत असतात, फेडोरावर डेव्हल नावाच्या. फ्लेक्स, बायसन, बीसी ही छोटी साधनंही आधी बसवून घ्यायची. बीसी म्हणजे टर्मिनलवरचं साधं कॅल्क्युलेटर. इतक्या मोठ्या कर्नलला बांधताना त्याची गरज लागते याची मला अजूनही गंमत वाटते. बीटीएफ (कर्नलमधल्या डेटा प्रकारांची माहिती) चालू असेल तर पाहोल हे साधन लागतं, आणि ते मात्र बऱ्याच ठिकाणी ड्वार्व्ह्ज नावाच्या पॅकेजात लपून बसलेलं. पाहोल शोधून दमलेली मुलं बघितली की पॅकेजला हे नाव देणाऱ्याला गाठून दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

'नो रूल टू मेक टार्गेट' हे मेकचं बोलणं. त्याचा अर्थ: ही फाइल हवी असं मला सांगितलंय, ती इथं नाही, आणि ती कशी बनवायची ते मला कुणी शिकवलेलं नाही. उबुंटूवर हमखास येणारी केस म्हणजे कॅनॉनिकल सर्ट्स नावाची पेम फाइल. चालू कर्नलचं कॉन्फिग, म्हणजे निवडलेल्या पर्यायांची यादी, बूट फोल्डरातून उचलून आणणं ही चांगली सवय आहे, सुरुवात तिथूनच करावी. पण त्या कॉन्फिगमध्ये डिस्ट्रोनं स्वतःच्या प्रमाणपत्रांचे पत्ते लिहून ठेवलेले असतात, आणि ती प्रमाणपत्रं त्यांच्या सोर्समध्ये असतात, कर्नल डॉट ऑर्गवरून आणलेल्या सोर्समध्ये नसतात. ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज या दोन ओळी रिकाम्या केल्या की गाडी पुढं सरकते. मुलं मात्र ती पेम फाइल इंटरनेटवर शोधत बसतात. एकानं तर रिकामी फाइल त्या नावानं ठेवून पाहिली. डोकं चाललं होतं, दिशा चुकली होती.

सगळ्यात स्वच्छ भाषेतला एरर कुणी वाचतच नाही, हाही अनुभव. 'सोर्स डिरेक्टरीच्या नावात स्पेस किंवा कोलन चालणार नाही' असं कर्नलची मेकफाइल सरळ सांगते आणि थांबते. फोल्डरचं नाव असतं 'ओएस असाइनमेंट फायनल'. दुसरा प्रकार पेनड्राइव्हवर सोर्स उघडणाऱ्यांचा. पेनड्राइव्ह विंडोजसाठी फॉरमॅट केलेला, तिथं लहान-मोठ्या अक्षरांत फरक मानला जात नाही. कर्नलच्या नेटफिल्टर विभागात मात्र एकच नाव एकदा मोठ्या आणि एकदा छोट्या लिपीत असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत. उघडताना एक फाइल दुसरीवर बसते, आणि नंतर भलत्याच ठिकाणी काहीतरी सापडेनासं होतं. इथं जीसीसी ओरडतो खरा, पण त्याला बिचाऱ्याला मूळ भानगड माहीतच नसते.

आणखी एक गोंधळात टाकणारा संदेश म्हणजे 'किल्ड'. सीसी वन, म्हणजे जीसीसीचा प्रत्यक्ष कंपाइल करणारा भाग, मारला गेला. मुलं म्हणतात जीसीसी क्रॅश झाला. जीसीसीनं फक्त बातमी दिली. मारलं ते तुमच्याच मशीनवर चालू असलेल्या कर्नलनं. रॅम चार जीबी, जे एट, मागं ब्राउझरमध्ये टॅबांची रांग. मेमरी संपली, कर्नलनं सगळ्यात जास्त खाणारी प्रोसेस निवडली आणि संपवली. स्वतःच्या जागी येऊ घातलेल्या नव्या कर्नलचं काम जुन्या कर्नलनं असं थांबवलेलं पाहिलं की हसू येतं. पुरावा हवा तर डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, बघा, त्यात आउट ऑफ मेमरी अशी स्पष्ट नोंद असते. जे टू करा, ब्राउझर बंद करा. डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये डीबग इन्फो चालू असतं, तेही बंद करा, कारण त्यामुळं बिल्डचा फोल्डर काही जीबींवरून थेट वीस-पंचवीस जीबींवर जातो आणि शेवटी व्हीएमलिनक्स, म्हणजे अख्खा कर्नल, जोडताना लिंकरचा आणि पाहोलचा घास मोठा होतो.

याच्या उलट एक जुनी केस आहे, जिथं बोलणारा असतो हार्डवेअर, पण आवाज येतो जीसीसीच्या तोंडून. नव्वदच्या दशकात कर्नल कंपाइल करताना जीसीसी सिग्नल ११ म्हणून मरायचा, आणि या एका प्रश्नावर इंटरनेटवर मोठं प्रश्नोत्तरपत्रक लिहिलं गेलं होतं. त्याचं सार असं: प्रत्येक वेळी त्याच फाइलवर मरत असेल तर सॉफ्टवेअर तपासा, दर वेळी वेगळ्या फाइलवर मरत असेल तर रॅम तपासा. कंपाइल करताना जीसीसी पॉइंटरांच्या लांबलचक साखळ्या मेमरीत उभ्या करतो, एक बिट उलटा पडला की चुकीच्या पत्त्यावर जाऊन आपटतो. ज्या मशीनवर गाणी, गेम, टायपिंग सगळं सुरळीत चालतं, ते कर्नलला नापास होतं.

आमच्या हॉस्टेलवर असं एक मशीन होतं. त्या काळी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायची. एका मित्राच्या असेंबल्ड पीसीवर कर्नल कधी नेटवर्क विभागात मरायचा, कधी ड्रायव्हर विभागात, कधी थेट जवळजवळ शेवटाला. आम्ही सीडीला नावं ठेवली, जीसीसीला ठेवली. शेवटी एका सीनियरनं कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी टोकांवर कंपासपेटीतला खोडरबर घासला, धूळ फुंकली आणि पट्टी कट्ट आवाज होईपर्यंत परत दाबली. त्या रात्री बीझेडइमेज, म्हणजे कर्नलची अंतिम फाइल, तयार झाली. आज मी आधी मेमटेस्ट चालवायला सांगतो, पण खोडरबरही टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतो. हा प्रकार जुनाच राहिला असंही नाही. २०१७ मध्ये रायझन प्रोसेसर नवे होते तेव्हा लिनक्सवर खूप कामं एकदम कंपाइल केली की काही चिपांवर असेच सेगमेंटेशन फॉल्ट यायचे, आणि एएमडीनं ते मान्यही केलं होतं.

आता समजा कंपाइल पार पडलं. 'कर्नल इज रेडी' अशी ओळ आली, तिच्या शेवटी कंसात बिल्डचा क्रमांकही आला. मोड्यूल्स इन्स्टॉल, इन्स्टॉल, रीबूट. आणि पडद्यावर: 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक, कंसात शून्य स्वल्पविराम शून्य'.

इथं मुलांचा धीर सुटतो. मी म्हणतो, अरे, ही चांगली बातमी आहे. बोलतंय कोण? तुझा कर्नल बोलतोय! तू बांधलेला. ग्रबनं त्याला उचललं, तो मेमरीत उलगडला, प्रोसेसर ओळखला, पडदा ओळखला, आणि अगदी शेवटच्या पायरीवर येऊन त्याला रूट डिस्क, म्हणजे सिस्टिमची मुख्य डिस्क, मिळाली नाही. फक्त एवढंच राहिलंय.

त्या कंसातले दोन आकडे फुकट नसतात. पहिला डिव्हाइसचा मेजर क्रमांक, दुसरा मायनर. दोन्ही शून्य म्हणजे कर्नलला डिस्कच दिसलेली नाही: सॅटासाठी एएचसीआयचा ड्रायव्हर नाही, एनव्हीएमईचा नाही, किंवा ग्रबनं दिलेला यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळखक्रमांक, समजून घ्यायला इनिटरॅमएफएस (बूटच्या वेळची तात्पुरती छोटी फाइलसिस्टिम) नाही. तेच आठ आणि दोन असे आकडे आले तर डिस्क दिसली, तिचं दुसरं पार्टिशनही दिसलं, पण त्यावरची फाइलसिस्टिम वाचता येत नाही. एक्स्ट फोर नाहीतर बीटीआरएफएस राहून गेली. २५९ आला तर एनव्हीएमईची डिस्क सापडलेली आहे. एका कंसात इतकं निदान असतं, आणि फोटो काढताना नेमका तोच भाग अंगठ्याखाली जातो.

मूळ गोम अशी की ड्रायव्हर मोड्यूल (वेगळा सुटा भाग) म्हणून बांधला, म्हणजे मेन्यूकॉन्फिग या पर्याय निवडायच्या पडद्यावर त्याच्यापुढं एम ठेवला, तर तो डिस्कवर राहतो. आणि डिस्क वाचायला तोच ड्रायव्हर हवा. यातून वाट दोनच. एक तर इनिटरॅमएफएस बनवायचा, म्हणजे लागणारी मोड्यूलं ग्रबच कर्नलबरोबर मेमरीत आणून ठेवतो. नाहीतर त्या ड्रायव्हरपुढं एमच्या जागी तारा द्यायचा, म्हणजे तो कर्नलच्या पोटातच बसतो.

हे कळलं की उत्साही मुलगा सगळ्यालाच तारा देतो. मग वायफाय बंद पडतं! डीमेसेजमध्ये दिसतं: फर्मवेअर लोड फेल्ड, एरर उणे दोन. फर्मवेअर म्हणजे वायफायच्या चिपमध्ये भरायचा प्रोग्राम, आणि उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. फाइल तर लिब फर्मवेअर फोल्डरात दिसते डोळ्यांनी. पण पोटात बसलेला वायफायचा ड्रायव्हर रूट डिस्क माउंट व्हायच्या आधीच जागा होतो, फर्मवेअर मागतो, आणि त्या क्षणी तो फोल्डर अस्तित्वातच नसतो. म्हणजे डिस्कला तारा हवा आणि वायफायला एम. दोन्ही बाजूंचं कारण एकच: कोण कधी जागा होतो.

सेक्युअर बूटचं, म्हणजे सही असलेलाच कर्नल चालू देणाऱ्या सोयीचं, फार सांगत नाही. 'बॅड शिम सिग्नेचर' हे ग्रब-शिमचं बोलणं, कर्नलपर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते. स्वतःच्या किल्लीनं सही करा किंवा बायोसमध्ये जाऊन ते बंद करा. आणि काहीही करा, ग्रबच्या यादीतला जुना, चालणारा कर्नल काढू नका.

खरा त्रास देतात ते न बोलणारे. केकॉन्फिग, म्हणजे कर्नलचे पर्याय सांभाळणारी यंत्रणा, त्यातला पहिला. एखादा पर्याय मेन्यूत दिसत नाही म्हणून मुलं डॉट कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून हातानं ओळ घालतात. मग उरलेले पर्याय आपोआप भरणारी ओल्डडेफकॉन्फिग कमांड चालवतात. त्या पर्यायाला लागणारा दुसरा पर्याय बंद असेल तर ती ओळ काढून टाकली जाते, आणि त्याबद्दल एक अक्षरही कुणी छापत नाही. कंपाइल बिनबोभाट होतं, मशीन सुरू होतं, फक्त जी गोष्ट हवी होती ती नसते. मेन्यूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबून त्या पर्यायाचं नाव शोधलं तर तो कुणावर अवलंबून आहे आणि त्यातलं काय बंद आहे ते तिथंच लिहिलेलं असतं. मला विचाराल तर कर्नल शिकताना सगळ्यात उपयोगी बटण हेच.

दुसरा गप्प बसणारा लोकलमॉडकॉन्फिग. कर्नल डेव्हलपर स्टीव्हन रॉस्टेड यांचं हे काम फारच सोयीचं: या क्षणी लोड असलेली मोड्यूलंच ठेवायची, बाकी सगळी गाळायची. तीन कोटींहून जास्त ओळींच्या सोर्समधला आपल्याला लागणारा भाग तसा थोडाच, त्यामुळं जुन्या लॅपटॉपवरही बिल्ड आटोपशीर वेळात होतं. पण 'या क्षणी' या शब्दांवर सगळा खेळ आहे. त्या क्षणी पेनड्राइव्ह लावलेला नसेल, मोबाइलचं यूएसबी टेदरिंग चालू नसेल, तर नव्या कर्नलात ते नसणार. व्हायव्हाच्या दिवशी पेनड्राइव्ह लावून बघणारे चेहरे मी पाहिलेत. ही कमांड द्यायच्या आधी घरातलं जे जे त्या लॅपटॉपला कधीतरी लागतं ते सगळं एकदा लावून घ्यावं, प्रिंटरसकट.

एवढं करून स्वतःचा कर्नल वेगवान होतो का? रोजच्या कामात नाही, कळण्याइतका तर नाहीच. डिस्ट्रोचा कर्नल उत्तम असतो, आणि सुरक्षेचे पॅच ते लोक वेळेवर लावतात. आपण बांधलेला कर्नल आपण विसरलो की तसाच पडून राहतो. वेगासाठी हा खटाटोप करणाऱ्याला मी परावृत्तच करतो. शिकायला करावा, नाहीतर गरज पडली तर करावा.

गरज मला मागच्या दिवाळीत पडली. लॅपटॉपवर कर्नल अपडेट झाला आणि स्पीकरचा आवाज गेला. हेडफोनवर येतो, स्पीकरवर नाही. डीमेसेज स्वच्छ, आवाज सांभाळणारा पल्सऑडिओ म्हणतो सगळं ठीक. एकही संदेश नाही, त्यामुळं बोलतंय कोण हा प्रश्नच लागू पडेना. अशा वेळी उरतं ते गिट बायसेक्ट. कर्नलच्या दोन आवृत्त्यांमध्ये साधारण चौदा हजार बदल असतात. मधला बदल घ्यायचा, कंपाइल करायचं, गाणं लावून बघायचं. आवाज आला तर पुढचा अर्धा भाग, नाही आला तर मागचा. दर वेळी निम्मे होत गेल्यानं चौदाएक कंपाइलांत दोषी बदल हाताला लागतो. मी बिल्ड कॉलेजच्या सर्व्हरवर केली, लॅपटॉपवर फक्त आणून बसवली. मधे एक बदल असा लागला की तो कंपाइलच होईना. त्यासाठी बायसेक्टमध्ये स्किप असतं.

सापडलेला बदल एका ओळीचा होता. रिअलटेकच्या साउंड चिपच्या ड्रायव्हरमध्ये लॅपटॉपांची एक लांबच लांब यादी आहे: अमुक ओळखक्रमांकाच्या मशीनला तमुक दुरुस्ती लावा. कुणीतरी आपल्या लॅपटॉपचा मुका स्पीकर सुरू व्हावा म्हणून यादीत एक ओळ वाढवली होती. त्याचा स्पीकर सुरू झाला असणार. पण उत्पादकानं तोच ओळखक्रमांक दुसऱ्या मॉडेललाही दिला होता, ते माझं मॉडेल, आणि माझ्या मॉडेलला ती दुरुस्ती म्हणजे बिघाड. ओळ काढून टाकली असती तर माझं भागलं असतं आणि तो पुन्हा मुका झाला असता.

बायसेक्टचा निकाल, दोन्ही कर्नलांचे डीमेसेज आणि साउंडची माहिती गोळा करणाऱ्या अल्साइन्फोचा अहवाल जोडून मी मेल टाकला. आधी चालत होतं ते नव्या आवृत्तीत बंद पडणं हा कर्नलच्या लोकांकडं गंभीर गुन्हा मानतात, त्यामुळं अशा पत्राला उत्तर येतं. मलाही आलं, सोबत एक छोटा पॅच: त्या पीसीआय ओळखक्रमांकाऐवजी कोडेकचा, म्हणजे साउंड चिपचा, स्वतःचा क्रमांक बघून दोन मॉडेलं वेगळी ओळखायची. लावून बघा आणि कळवा. लावलं, कंपाइल केलं, कळवलं. पुढं ती दुरुस्ती मूळ कर्नलात आणि तिथून डिस्ट्रोच्या अपडेटमध्ये आली, म्हणून त्या लॅपटॉपवर आता पुन्हा डिस्ट्रोचाच कर्नल आहे, आणि बायसेक्टसाठी केलेले सगळे फोल्डर मी उडवून टाकले, कारण सर्व्हरची डिस्क भरत आल्याची तक्रार यायला लागली होती.